कयाकवरील जिवंत आमिषाची टाकी : नवख्यांसाठी निगा आणि दुरुस्ती

कयाक म्हणजे वल्ह्याने चालवायची लहान, अरुंद होडी; आमिषाचे मासे जिवंत राहावेत म्हणून तिच्यावर पाण्याची टाकी ठेवतात आणि पंपाने तिच्यात बाहेरचे पाणी घेतात. घटप्रभेवरील हिडकलच्या जलाशयावर पहिल्याच हंगामात माझा पंप घरघर आवाज करीत होता, पण टाकीत पाण्याचा थेंब येत नव्हता. काठावर जाळे सुकवीत बसलेल्या एका कन्नडभाषक आजोबांनी माझी धडपड पाहून ‘गाळि, गाळि’ असे दोनदा सांगितले. मी मराठी माणूस, गाळ असणार असे समजून पंपाची जाळी उघडली, धुतली आणि पुन्हा बसवली. तरी पाणी येईना, म्हणून ती परत एकदा उघडून धुतली. शेवटी आजोबा गुडघाभर पाण्यात उतरले, त्यांनी पंपाची नळी हातात धरून हलवली आणि पंप तिरपा केला. दोन-तीन मोठे बुडबुडे गुडगुडत वर आले व पाण्याची धार सुरू झाली. कन्नडमध्ये ‘गाळि’ म्हणजे हवा, हे मला त्या दिवशी कळले.

तेव्हापासून माझ्या आणि ओळखीच्यांच्या कयाकवरच्या टाक्या दुरुस्त करताना मला हेच दिसत आले आहे की, मोटार क्वचितच बिघडते. अडचण असते ती वाटेत, म्हणजे नळीत अडकलेली हवा, जाळीवर बसलेले शेवाळ, तारेचा गंजलेला जोड किंवा तुंबलेला निचरा. बेळगाव, हुक्केरी, चिकोडी, निपाणी, खानापूर या भागांत नव्याने कयाक घेऊन गळ टाकायला जाणाऱ्यांनी नवा पंप विकत आणण्याआधी ही वाट एकदा तपासावी, म्हणून हा लेख लिहीत आहे.

टाकी हवीच का आणि केवढी

एक गोष्ट आधी स्पष्ट सांगतो. आपल्याकडची बरीच मासेमारी जिवंत आमिषाशिवाय होते. रोहू, मृगळ आणि कटला यांच्यासाठी शेंगपेंड व कणकेचे गोळे पुरतात, त्यामुळे तेवढ्यासाठी कयाकवर टाकी लादणे म्हणजे नसते ओझे वाहणे होय. टाकी लागते ती मरळ आणि शिवडा यांसारख्या शिकारी माशांसाठी, कारण हलत्या, तरतरीत मासळीवर ते ज्या ईर्ष्येने झेपावतात, ती ईर्ष्या मेलेल्या आमिषावर सहसा दिसत नाही.

टाकी वीस ते पंचवीस लिटरची पुरे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हा हिशेब दुकानात उभे असताना कोणाच्या लक्षात राहत नाही. पंचवीस लिटरची टाकी, बॅटरी आणि पंप मिळून कयाकच्या मागच्या बाजूला जवळजवळ तीस किलो वजन येते. म्हणून टाकी बैठकीच्या लगेच मागे, शक्य तितकी खाली आणि बरोबर मध्यावर ठेवून पट्ट्यांनी घट्ट आवळावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती अर्धवट भरलेली ठेवू नये. अर्ध्या टाकीतले पाणी कयाक कलताच त्याच बाजूला धावते आणि तिला आणखी कलवते, तर झाकणापर्यंत भरलेल्या टाकीतल्या पाण्याला धावायला जागाच उरत नाही. काठावरून निघताना टाकी रिकामी असावी, पाण्यात स्थिर झाल्यावर पंपाने भरावी आणि किनाऱ्याला लागण्याआधी रिकामी करावी. भरलेली टाकी घेऊन कयाक ओढणाऱ्याच्या कंबरेचे हाल मी पाहिले आहेत. ती कंबर माझीच होती.

टाकीचा आकार गोल किंवा लंबगोल असावा. चौकोनी डब्यात मासळी कोपऱ्यात गर्दी करते, भिंतीवर तोंड घासून घेते आणि तासाभरात तिचे नाक लाल होते. घरातला गोल, जाड प्लॅस्टिकचा, घट्ट झाकणाचा डबा यासाठी उत्तम.

पाण्यात नेमके काय बिघडते

मासे मेले की नवखा माणूस पंपाला दोष देतो. पण पंप चालू असतानाही मासे मरतात, आणि त्याचे कारण पाण्याच्या तापमानात असते. समुद्रसपाटीला 20 अंश सेल्सिअस तापमानाच्या गोड्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळून राहू शकतो; 30 अंशाला हेच प्रमाण साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येते, आणि आपला भाग उंचावर असल्यामुळे येथे ते आणखी थोडे कमी असते. दुसरीकडे पाणी तापले की माशाच्या शरीराला लागणारा प्राणवायू वाढत जातो. म्हणजे उन्हाळ्यात मागणी वाढते आणि पुरवठा घटतो. मासळी पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागली की ही वेळ आली असे समजावे.

उपाय साधे आहेत. टाकीवर ओले गोणपाट टाकावे आणि ते सुकू लागले की वल्ह्याने पाणी उडवून पुन्हा भिजवावे. घरून निघताना पाणी गोठवलेल्या अर्ध्या लिटरच्या दोन-तीन बाटल्या सोबत घ्याव्यात. पंचवीस लिटर पाणी तीस अंशाला असेल, तर अशी एक बाटली पूर्ण वितळेपर्यंत ते साधारण दोन अंशांनी उतरवते. एकदम दोन-तीन बाटल्या टाकण्याचा मोह आवरावा, कारण तापमान झटकन उतरले तरी मासळीला धक्का बसतो. बर्फ सुटा टाकू नये. तो बहुधा नळाच्या पाण्याचा असतो आणि नळाच्या पाण्यात क्लोरिन असते, जे माशांच्या कल्ल्यांना जाळते. याच कारणाने टाकी घरच्या नळावर भरून नेऊ नये. न्यावीच लागली, तर मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे क्लोरिन मारण्याचे औषध, म्हणजेच सोडियम थायोसल्फेट, बाटलीवर दिलेल्या प्रमाणात घालावे.

तिसरा शत्रू दिसत नाही. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात आणि तेच पाणी फिरत राहिले की तो साठत जातो. हवेचे बुडबुडे कितीही सोडले तरी साठलेल्या अमोनियावर ते पुरेसे ठरत नाहीत. तेथे पाणीच बदलावे लागते. पृष्ठभागावर फेस साचून तो फुटेनासा झाला की पाणी जुने झाले असे ओळखावे आणि एक तृतीयांश पाणी काढून ताजे भरावे. मासळीला आदल्या दिवसापासून खायला देऊ नये, म्हणजे टाकीत घाण कमी होते. पंचवीस लिटरला सुमारे पन्नास ग्रॅम खडे मीठ घातले तर धकाधकीत मासळी तग धरते. आयोडीन घातलेले बारीक मीठ मात्र वापरू नये.

एवढ्या टाकीत बोटभर लांबीचे आठ-दहा मासे ठेवावेत. नवखा माणूस पंचवीस भरतो आणि दुपारपर्यंत त्याच्याकडे चार उरतात. आठ ठेवले असते तर आठही राहिले असते.

पाणी कोठून घेतो यावरही बरेच अवलंबून असते. जलपर्णीच्या दाट थराखालचे पाणी प्राणवायूने दरिद्री असते. ऊस गाळपाच्या दिवसांत नदीच्या एखाद्या पट्ट्यात पाणी काळपट दिसले, त्याला मळीसारखा वास आला, तर तेथे पंप सुरूच करू नये. कृष्णेच्या पात्रात मगरी आहेत, तेव्हा अंकली-कुडचीच्या बाजूला टाकी धुण्यासाठी काठावर वाकून बसण्याची सवय लावून घेऊ नये, हेही जाता जाता सांगतो.

जोडणी, क्रमाने

पहिली पायरी पंपाची. होडीतले पाणी उपसणारा 12 व्होल्टचा छोटा पंप या कामाला चालतो. नवख्याने त्यासाठी कयाकच्या तळाला भोक पाडू नये. माझे हे मत ठाम आहे. पंप एका पीव्हीसी पाइपच्या टोकाला क्लॅम्पने बसवावा आणि तो पाइप मागच्या बाजूने असा टांगावा की पंप पाण्याखाली सात-आठ इंच राहील. हे पंप पाणी स्वतः ओढून घेत नाहीत, ते पाण्यात बुडालेले असतील तरच पाणी ढकलतात. कोरडे चालवले तर आतले सील खराब होते.

दुसरी पायरी नळीची. पंपापासून टाकीपर्यंत नळी सतत चढती असावी. मध्ये कोठेही ती वर जाऊन खाली वळली तर त्या वळणात हवा अडकते, आणि मग माझ्यासारखी दोनदा जाळी धुण्याची वेळ येते. नळीचे टोक टाकीत बुडवू नये. ते पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावे. टोक बुडालेले असेल तर पंप बंद होताच टाकीतले पाणी त्याच नळीतून उलटे नदीत जाते आणि मासळी कोरड्या तळाशी तडफडत राहते. वरच्या टोकाला, तोंड बंद केलेल्या पाऊण इंची पाइपच्या तुकड्यात दोन-तीन मिलिमीटरची छिद्रे पाडून तो भिंतीलगत आडवा बसवला, तर धारा तिरप्या पडतात, पाणी टाकीत गोल फिरते आणि सोबत हवाही मिसळते.

तिसरी पायरी निचऱ्याची, आणि चुका सर्वांत जास्त येथेच होतात. आत येणारी नळी पाऊण इंची असेल तर बाहेर जाणारी वाट सव्वा ते दीड इंची हवी, कारण आत येणारे पाणी पंपाच्या जोराने येते आणि बाहेर जाणारे केवळ स्वतःच्या वजनाने जाते. घरावरच्या पाण्याच्या टाकीला जो ‘टँक निपल’ लावतात, तोच येथे चालतो. नळसामानाच्या कोणत्याही दुकानात तो मिळतो. छिद्र निपलच्या मापाचेच पाडावे, कडा पॉलिश कागदाने गुळगुळीत करावी, रबरी वायसर टाकीच्या आतल्या बाजूला घालावा आणि नट हाताने आवळून मग पान्याने फक्त पाव फेरा द्यावा. जास्त आवळला की वायसर बाहेर सरकतो आणि गळती तेथूनच सुरू होते. निचऱ्याच्या तोंडाशी प्लॅस्टिकची जाळी लावली नाही, तर आमिष आपल्या आधी नदीत पोहोचते.

चौथी पायरी विजेची. आपल्या भागात सर्वांत सहज मिळणारी बॅटरी म्हणजे शेतातल्या फवारणी पंपाची, 12 व्होल्ट आणि सहसा 8 अँपिअर-तासांची. पंप दोन अँपिअर घेत असेल तर कागदावर ती चार तास चालेल. पण शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचे आयुष्य घटते, म्हणून दोनच तास धरावेत. बारीकसा टायमर लावून पंप एक मिनिट चालू आणि दोन मिनिटे बंद ठेवला तर तीच बॅटरी सहा तास पुरते. कडक उन्हात मात्र टायमरची काटकसर करू नये. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी महाग असते, पण वजनाला जवळजवळ निम्मी असते आणि तिच्यातली बहुतेक वीज वापरता येते. परवडत असेल तर तीच घ्यावी.

बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज असलाच पाहिजे, आणि पंपावर लिहिलेल्या अँपिअरचाच. फ्यूज उडाल्यावर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून काम भागवणारे लोक मला भेटले आहेत. पंप जाम झाला असेल तर अशा वेळी तार तापते, आणि ती तार आपल्या बैठकीखालून गेलेली असते. तार तांब्याची, बहुतारी, दीड चौरस मिलिमीटरची घ्यावी. जोडाला डाग द्यावा आणि त्यावर आतून चिकट असलेली, उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. बॅटरी झाकणाला रबर असलेल्या डब्यात ठेवून तो डबा बांधून टाकावा.

पाणी येत नाही : कोठून सुरुवात करावी

क्रम महत्त्वाचा आहे, कारण सोपी तपासणी आधी केली तर बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरच काम संपते.

पंपाचा आवाज येतो पण पाणी येत नाही, असे असेल तर प्रथम हवेचा संशय घ्यावा. पंप बंद करून तो पाण्याखालीच तिरपा करावा, नळी वर उचलून झटकावी आणि बुडबुडे निघून गेल्यावर पुन्हा सुरू करावा. तरीही पाणी आले नाही तर जाळी काढून पाहावी. हिडकलला उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर आणि मलप्रभेवरील नविलुतीर्थ धरणाच्या काठच्या उथळ भागात शेवाळाचे केसासारखे तंतू जाळीवर असे चिकटतात की वरून ती स्वच्छ वाटते. नखाने खरवडल्यावरच हिरवा पापुद्रा निघतो.

जाळीही स्वच्छ असेल तर फिरणारे पाते पाहावे. एकदा एका मित्राच्या पंपात पात्याच्या दांड्याभोवती नायलॉनचा गळदोरा भोवऱ्याला दोरी गुंडाळावी तसा घट्ट बसला होता. इतका की तो प्रथम पंपाचाच भाग वाटला. ब्लेडने एकेक वेढा कापून काढल्यावर पाते बोटाने हलके फिरू लागले. असा दोरा आढळला तर चिमट्याने ओढू नये, नाहीतर सील उपटून निघते.

पंपाचा आवाजच येत नसेल तर मल्टिमीटर हातात घ्यावा. तो दोन-तीनशे रुपयांत मिळतो आणि एका फेरीत वसूल होतो. आधी फ्यूज पाहावा. मग पंप बंद असताना बॅटरीचे व्होल्ट मोजावेत. शिसे-आम्लाची पूर्ण भरलेली बॅटरी 12.6 ते 12.8 दाखवते, 12.2 च्या आसपास ती निम्मी झालेली असते. बॅटरी ठीक असेल तर स्विच चालू ठेवून बॅटरीच्या टोकांवर आणि पंपाच्या तारांवर असे दोन्हीकडे मोजावे. दोहोंत अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक आला तर मधला एखादा जोड वीज खात आहे. पंप मंद, दमल्यासारखा चालत असेल, तर त्या वेळीही हीच मोजणी करावी.

माझ्या पहिल्या टाकीला मी काळी चिकटपट्टी गुंडाळून जोड दिला होता. तीन महिन्यांनी पट्टी सोडवली तेव्हा ती आतून ओलसर आणि चिकट झाली होती, तांब्याच्या तारांवर हिरवी भुकटी बसली होती, आणि चिमटीत धरताच अर्ध्या तारा तुटून हातात आल्या. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या ज्या मिस्त्रींकडे मी तो पंप ‘जळाला’ म्हणून घेऊन गेलो, त्यांनी दोन तारा थेट बॅटरीला लावून तो चालवून दाखवला आणि म्हणाले, “मोटार बरी हाय सर, जोडातच गेल्या.” त्यांनी पैसे घेतले नाहीत, फक्त चहा घेतला. अशी हिरवी तार दिसली तर ती घासून पुन्हा जोडू नये. चकचकीत तांबे लागेपर्यंत मागे कापत जावे, कारण गंज आवरणाखालून बराच आत गेलेला असतो.

पंप जोरात फिरतो, धार मात्र लुळी पडते, हवा नाही, जाळी स्वच्छ आहे, असे झाले तर तारा उलट लागल्या आहेत का ते पाहावे. असे पंप उलटे फिरूनही थोडे पाणी देतात, म्हणून ही चूक अनेक दिवस लक्षात येत नाही. बहुतेक पंपांची तपकिरी तार धन आणि काळी तार ऋण असते.

गळती

टाकीतून पाणी झिरपत असेल तर ती कोरडी पुसून, निपलभोवती आणि तळाशी वर्तमानपत्राचा कागद लावून पाणी भरावे. कागद जेथे प्रथम भिजतो तेथे गळती आहे. निपलपाशी असेल तर नवा वायसर घालावा, आट्यांवर टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळावी आणि काम संपवावे. डब्यालाच तडा गेला असेल तर गोंद, पुटी किंवा सिलिकॉन यांच्या मागे लागू नये. पॉलिथिलीन हे मेणासारखे प्लॅस्टिक आहे आणि त्यावर यांपैकी काहीही फार दिवस टिकत नाही. पाण्याच्या टाक्या तापल्या इस्त्रीने जोडून देणारे कारागीर असतात. त्यांच्याकडे त्याच जातीच्या प्लॅस्टिकची पट्टी नेऊन तडा वितळवून जोडून घ्यावा. कयाकचे अंगही बहुधा याच प्लॅस्टिकचे असते, तेव्हा ही ओळख पुढेही उपयोगी पडते.

परतल्यावर

उरलेली मासळी जेथून आणली त्या पाण्यातच सोडावी. घटप्रभेची मासळी मलप्रभेत, किंवा दुकानातून आणलेले मासे गावच्या तळ्यात सोडू नयेत; त्यांच्यासोबत रोग आणि परके मासे जातात. चिलापी आपल्या पाण्यात बाहेरूनच आली आणि आता हटत नाही. जलाशयांतले मासेमारीचे हक्क ठेक्याने किंवा परवान्याने दिलेले असतात, म्हणून कयाक उतरवण्याआधी जवळच्या मत्स्यखात्याच्या कार्यालयात आणि धरणाच्या ठिकाणी विचारून घ्यावे.

टाकी साबणाने धुऊ नये. साबणाचा अंश प्लॅस्टिकवर राहतो आणि पुढच्या फेरीत कल्ल्यांवर परिणाम करतो. बुळबुळीत थर खाण्याच्या सोड्याने आणि काथ्याने निघतो. बोअरच्या जड पाण्याने धुणाऱ्यांच्या टाकीत व पंपाच्या पात्यावर पांढरा क्षार बसतो; त्यासाठी अर्धे पाणी आणि अर्धा व्हिनेगर यांत पंप तासभर बुडवून ठेवावा आणि नंतर साध्या पाण्यात दोन मिनिटे चालवावा. धुतल्यावर टाकी झाकण उघडे ठेवून सावलीत वाळवावी, उन्हात प्लॅस्टिक ठिसूळ होते.

शिसे-आम्लाची बॅटरी त्याच रात्री चार्जिंगला लावावी, रविवारी वापरलेली पुढच्या शनिवारी नव्हे. पावसाळ्यात कयाक बांधून ठेवली तरी बॅटरीला महिन्यातून एकदा चार्ज करावे, आणि त्याच वेळी पंपाचे पाते बोटाने दोन-चार फेरे फिरवून पाहावे.